‘वाचन राहिलं बाजूला, जेवणाचंच कौतुक’ या कमेंटला उत्तर

दादा, तुमची कमेंट नीट वाचली. तिथेच खाली दोन ओळी लिहिल्या असत्या तर अर्धवट राहिलं असतं म्हणून इथे सविस्तर लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. लेकाच्या बार मित्झवानंतर (मुलगा तेरा वर्षांचा झाला की धर्माज्ञा पाळायची जबाबदारी त्याच्यावर येते, तो सोहळा) ठाण्याला आम्ही जे जेवण दिलं त्यावर मागे मी लिहिलं होतं. दादा पुण्याचे, आपल्याच बेने इस्राएल (मराठी बोलणाऱ्या ज्यू) समाजातले. त्यांचं म्हणणं असं की मुलाने सेफर तोरासमोर, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीसमोर, उभं राहून वाचलं ही खरी गोष्ट, त्यावर तू चार ओळी लिहिल्यास आणि जेवणावर पानंच्या पानं. हा जेवणाचा थाट अमेरिकेतून आलेलं फॅड आहे. शनिवारी (आपला शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, तेव्हा स्वयंपाक करत नाहीत) सगळं आदल्या दिवशीचं वाढण्यापेक्षा रविवारी हॉल घेऊन गरमागरम द्यायचं होतं. आणि शाकाहारी पाहुण्यांना ना दही ना तूप, आलेल्या माणसाला आपले नियम दाखवायचे नसतात. शेवटी लिहिलंय की पुढच्या वर्षी त्यांच्या भाच्याचं आहे आणि ते फक्त किद्दुश (वाइन किंवा द्राक्षरसावर आशीर्वाद म्हणून घोट घेणं) करून लोकांना घरी पाठवणार.

मला राग आला नाही, पण पटलंही नाही, आणि का पटलं नाही ते सांगते.

अमेरिकेतल्या मोठमोठ्या पार्ट्या, डीजे, थीम वगैरे, त्या मलाही आवडत नाहीत, ते बाजूला ठेवू. पण जेवण तिकडून आलेलं नाही हो दादा. तालमूद या आपल्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात रव (म्हणजे रब्बी, धर्मगुरू) योसेफ यांची गोष्ट आहे. त्यांना दिसत नव्हतं. एका मताप्रमाणे आंधळ्या माणसावर मित्झवा, म्हणजे धर्माज्ञा, पाळायचं बंधन नाही, तर रव योसेफ आधी म्हणायचे की हे मत बरोबर आहे असं मला कुणी सांगितलं तर मी रब्बींना मेजवानी देईन, कारण बंधन नसताना मी सगळं पाळतोय. मग त्यांच्या कानावर रब्बी हनीना यांचं वचन आलं की आज्ञा आहे म्हणून करणारा हा आज्ञा नसताना करणाऱ्यापेक्षा मोठा. झालं, रव योसेफांनी बोलणं फिरवलं. म्हणाले, आता आंधळ्यावरही बंधन आहे असं कुणी सांगितलं तर मी मेजवानी देईन. म्हणजे बघा, मेजवानी कशासाठी, तर जबाबदारी अंगावर आली म्हणून. तेराव्या वर्षी मुलाचं नेमकं तेच होतं, कालपर्यंत त्याने केलं तर कौतुक होतं, आजपासून ते त्याच्यावर बंधन आहे.

सोळाव्या शतकात पोलंडमध्ये श्लोमो लुरिया नावाचे मोठे रब्बी होते, महर्शाल म्हणतात त्यांना, त्यांनी याच गोष्टीचा आधार घेऊन सांगितलं की बार मित्झवाचं जेवण हे सेउदात मित्झवा आहे, म्हणजे धर्मकार्यातलंच जेवण. आणि त्यांनी अजून एक सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं, की जेवण नेमकं त्याच दिवशी नसलं तरी मुलाने तिथे दराशा दिला, तोरावर चार शब्द बोलला, तर ते धर्मकार्यातलंच धरायचं. तुम्ही म्हणता जेवणामुळे वाचन बाजूला पडलं. आमच्या लेकाने दराशा जेवायला बसल्यावरच दिला. सिनेगॉगमध्ये, म्हणजे आपल्या प्रार्थनामंदिरात, त्याने हिब्रूत वाचलं ते अर्ध्या पाहुण्यांना कळलं नव्हतं, शेजारी होते, त्याच्या शाळेतले मित्र होते, ह्यांच्या ऑफिसमधले होते. जेवताना तो मराठीत बोलला तेव्हा त्याने काय वाचलं ते त्यांना कळलं, आणि त्याच्या एका मित्राने त्याला दोन प्रश्न पण विचारले. जेवण नसतं तर हे कुठे झालं असतं?

खर्चाचं तुम्ही बोललात त्यात तथ्य आहे. सतराव्या शतकात पोलंडमधल्या ज्यू पंचायतीला पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली होती, म्हणजे देखाव्याचा रोग जुनाच आहे. पण मर्यादा घातली ती संख्येवर, जेवणच बंद करा असं काही त्यांनी सांगितलं नाही.

आता शनिवार. रविवारी हॉल घ्या हे ऐकायला सोपं आहे, पण साध्या रविवारी तोरा वाचतच नाहीत ना. सोमवारी, गुरुवारी आणि शब्बाथला वाचतात. सोमवार-गुरुवारी तोरा वाचायला तीनच जणांना वर बोलावतात आणि हाफ्तारा (तोरानंतर वाचायचा संदेष्ट्यांच्या ग्रंथातला भाग) नसतो, शब्बाथला सात जणांना बोलावतात आणि हाफ्तारा असतो. लेक कित्येक महिने हाफ्तारा शिकत होता, त्याच्या चालीसकट, रोज संध्याकाळी क्लासवरून आला की. तो हाफ्तारा त्याने म्हणायचा तर शब्बाथच हवा. तेफिलीन, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि कपाळाला बांधायच्या चामडी डब्या, शब्बाथला बांधत नाहीत म्हणून ते आम्ही गुरुवारी सकाळी केलं, फोटोही तेव्हाच काढले, मलिदा (गोड पोहे-नारळाचा प्रसाद) पण गुरुवारी संध्याकाळी घरी केला, एलियाहू हनबी या संदेष्ट्याचं नाव घेऊन. नारळ खवणं, फोटो, आहेराची पाकिटं हे काही शब्बाथला चालत नाही, म्हणून निमंत्रणातच लिहिलं होतं की कृपया आहेर आणू नये. आणि वाचन शनिवारी, जेवण रविवारी असं केलं असतं तर रविवारचं जेवण निव्वळ पार्टी झाली असती, म्हणजे तुमचाच आक्षेप खरा ठरला असता.

केटरर ज्यू नाही, त्याला शनिवारी सकाळी ताजं करायला सांगायचं, असंही तुम्ही सुचवलंय. तसंही चालत नाही. जे काम आपण शब्बाथला करायचं नाही ते आपल्यासाठी दुसऱ्याला करायला सांगायचं नाही. शिवाय माझ्याकडे शनिवारी कुणी घाम गाळत चुलीशी उभं आहे आणि आम्ही आत विश्रांतीच्या दिवसाचं गातोय, हे मला करवलं नसतं.

आदल्या दिवशीचं म्हणजे शिळं नाही हो. मेनूच त्या हिशोबाने ठरवायचा असतो, हीच तर सगळी गंमत आहे आणि म्हणूनच मी पानंच्या पानं लिहिली. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत सगळं पूर्ण शिजलेलं हवं आणि जे गरम हवं ते तेव्हाच आचेवर चढलेलं हवं. शेगडीवर जाड पत्रा टाकायचा, खाली आच अगदी बारीक, त्या पत्र्यावर पातेली ठेवायची आणि मग शनिवारी शब्बाथ संपेपर्यंत बटणाला हात नाही. असं रात्रभर राहणारं काय ते बघायचं. पातळ रस्सा आटतो, खाली लागतो, म्हणून चिकन नारळाच्या दाट दुधात आणि हिरव्या मसाल्यात अंगाबरोबर केलं. भात जरा मोकळा ठेवून काढला कारण वाफेवर तो अजून मऊ होतोच. पुऱ्या केल्याच नाहीत, शुक्रवारच्या पुऱ्या शनिवारी दुपारी वातड होतात, त्यापेक्षा तेलाचं मोहन घातलेल्या चपात्या फडक्यात गुंडाळून चांगल्या राहतात. रावसाचे तुकडे तळून गारच वाढले वर लिंबू पिळून, ते गारच चांगले लागतात.

किद्दुशला आम्ही नेहमीचं मनुकांचं सरबत केलं. ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी सांगते, पाव किलो काळ्या मनुका स्वच्छ धुवून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी त्याच पाण्यात हाताने चांगल्या कुस्करायच्या आणि पातळ फडक्यातून पिळून गाळायचं. साखर नको. हे अर्थात शुक्रवारी, शब्बाथ लागायच्या आधी. बाटलीतली कोशेर (आपल्या आहारनियमांत बसणारी) वाइन आता मिळते, पण सासूबाई म्हणाल्या की नातवाचा किद्दुश आपल्या सरबतावर होऊ दे, आणि मलाही तेच हवं होतं.

चिकनचं पण सांगते कारण त्यावरही तुम्ही ‘एवढा उपद्व्याप’ असं लिहिलंय. शोखेतने, म्हणजे आपल्या धर्मनियमाने कापणाऱ्या माणसाने, कापलेली कोंबडी आणली तरी काम संपत नाही, अर्धा तास पाण्यात, मग सगळीकडून जाड मीठ लावून तासभर तिरप्या फळीवर किंवा चाळणीत, म्हणजे रक्त निथळून जातं, मग तीनदा धुवायचं. मोठ्या कार्याला हे किती वेळखाऊ होतं ते करणाऱ्यालाच माहीत, आमच्याकडे गुरुवारची दुपार अख्खी त्यात गेली. उपद्व्याप आहेच. पण माझ्या आजीने अलिबागला हे केलं, आईने केलं, आणि लेकाने आज्ञा पाळायची सुरुवात ज्या दिवशी केली त्या दिवशी स्वयंपाकघरात मी सूट घ्यायची हे मला जमणारं नव्हतं.

दही-तुपाचा मुद्दा मी मनावर घेतला, कारण पाहुण्याचा मान राखला नाही असं कुणाला वाटलं तर ते लागतं. पण मटण-चिकनच्या पंगतीत दूध, दही, तूप येत नाही हा नियम पाहुण्यासाठी नाही, तो आमच्यासाठी आहे, आम्ही काय वाढू शकतो त्याचा आहे. शाकाहारी मंडळींचं पान कमी पडू नये याची काळजी आम्ही आधीच घेतली होती. वालाचं बिरडं होतं, नारळाच्या दुधातलं, बटाट्याची भाजी, खोबरं-लिंबाची काकडीची कोशिंबीर, भात, चपात्या, आणि गोडाला चिकाचा हलवा. या सगळ्याला पातेली, डाव, वाढपी सुद्धा वेगळे, चिकनचा चमचा चुकूनही तिकडे गेला नाही. आमच्या शेजारच्या काकू पक्क्या शाकाहारी, गुरुवारी रात्री आमच्याच घरी बसून त्यांनी वाल सोलले, त्यामुळे त्या बिरड्यात काय आहे हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्या निवांत जेवल्या आणि हलवा दोनदा घेतला.

त्या हलव्याला तुपाचा थेंब लागत नाही. गहू भिजवून, वाटून, गाळून त्याचा चीक काढायचा, त्यात नारळाचं दूध, साखर, चायना ग्रास, आणि मग ढवळत राहायचं, हात थांबला की गाठी. माझी जाऊ आणि मी आलटून पालटून ढवळत होतो, डावाला जड लागायला लागलं आणि कडा सुटायला लागल्या की ताटात ओतायचं, वर बदाम-पिस्त्याचे काप. आपल्याकडे हा रोश हशानाला, नव्या वर्षाला, करतात, मी मुद्दाम या दिवशी केला कारण मटणानंतर चालणारं, आपलं स्वतःचं म्हणावं असं याच्याइतकं दुसरं पक्वान्न मला माहीत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती. फक्त किद्दुश करून लोकांना घरी पाठवणार असं तुम्ही म्हणता. दादा, आपण आता भारतात किती उरलोय? एकेकाळी वीस हजारांच्या आसपास होतो, आज चार-पाच हजार. १९४८ नंतर बाकीचे बहुतेक इस्राएलला गेले, लोद, अश्दोद, दिमोना, बीरशेबा. ठाण्याचं शार हशामाईम सिनेगॉग १८७९ चं, इथे देवाच्या दयेने शब्बाथला माणसं असतात. पण रेवदंड्याला, पेणला प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायला किती फोन करावे लागतात ते तुम्हाला माहीत आहे. लेक तेरा वर्षांचा झाला म्हणजे काय झालं, तर तो आता त्या दहांत धरला जातो. रेवदंड्याहून आलेल्या एका आजोबांनी जेवताना त्याला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, सणाला येशील ना आमच्याकडे, आम्ही नऊ असतो कधीकधी. तो हो म्हणाला. आणि ह्यांनी लगेच तारीख विचारून घेतली (लिहिली मात्र शब्बाथ गेल्यावर). आजोबा किद्दुशचा घोट घेऊन, केकचा तुकडा खाऊन परत निघाले असते तर हे बोलणं झालं नसतं. एवढ्या लांबून, पहाटे उठून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला आपण दारातूनच कसं पाठवायचं?

तेव्हा भाच्याचं करताना हॉल घेऊ नका, डेकोरेशन करू नका, पन्नासच माणसं बोलवा, चिकनही नको असेल तर करू नका, मग दही-तूप सगळं चालेल आणि तुमचा तो प्रश्नच मिटेल. पण जी येतील त्यांना बसवून जेवू घाला, हमोत्सी आणि बिरकत हमाझोन (जेवणाआधीची आणि जेवणानंतरची प्रार्थना) सगळ्यांनी मिळून म्हणा, आणि पोराला तिथेच बोलायला लावा, मराठीत. चिकन करायचं ठरलं तर शोखेतला महिनाभर आधी फोन करा, त्यांची संख्या आता फार थोडी आहे आणि आयत्या वेळी मिळत नाहीत. आणि बिरडं करणार असाल तर वाल मंगळवारी रात्री भिजत घाला, बुधवारी फडक्यात बांधा, गुरुवारी रात्री सोलायला बसा, शुक्रवारी सकाळी फोडणीला. ठाण्याहून आम्ही चौघीजणी वाल सोलायला येऊ, तारीख ठरली की कळवा.