किप्पा, तोराह आणि एक फॉरवर्ड

इस्रायलची काही बातमी आली की एक जुनाच मजकूर नव्याने फिरू लागतो. त्याचा सारांश असा: प्रत्येक पुरुषाने डोक्यावर छोटी गोल टोपी, म्हणजे किप्पा, घालावा अशी तोराहमध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, देवाची आज्ञा आहे. तीन हजार वर्षं जगातला एकूण एक ज्यू ती पाळत आला आहे. टोपीचा रंग आणि आकार धर्मातल्या दर्जाप्रमाणे ठरलेला असतो. पोपने ती ज्यूंकडून उचलली. स्त्रियांना ती निषिद्ध आहे. आणि हल्लीच्या रंगीबेरंगी टोप्या म्हणजे मूळ परंपरेचा भ्रष्टाचार. शेवटी अर्थातच ‘धर्म कसा जपावा ते यांच्याकडून शिका’ हा उपदेश.

उपदेशाचं ज्याचं त्याने बघावं. त्याआधीची विधानं मात्र एकेक करून तपासण्यासारखी आहेत, कारण त्यांतलं एकही धड टिकत नाही.

तोराहमध्ये अशी आज्ञाच नाही. तिच्यातल्या निर्गम या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात डोक्यावरच्या वस्त्राचा उल्लेख येतो, पण तो अहरोन आणि त्याच्या मुलांच्या, म्हणजे याजकांच्या पोशाखात. शेतकऱ्याने, मेंढपाळाने, व्यापाऱ्याने डोकं झाकावं असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. आजच्या सीरियातल्या दुरा-युरोपोस इथे इसवी सन २४५च्या सुमारास रंगवलेलं एक सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, उत्खननात सापडलं. त्याच्या भिंतीवरचा मोशे चक्क उघड्या डोक्याचा आहे, आणि ती भिंत ज्यूंनीच रंगवून घेतली होती.

डोकं झाकण्याची गोष्ट खरी सुरू होते ती ताल्मूदमध्ये, म्हणजे जुन्या ज्यू विद्वानांच्या धर्मचर्चांच्या संग्रहात, आणि तिथेही ती काही मोजक्या माणसांची गोष्ट आहे. राव्ह नहमान बार इत्झाक या विद्वानाच्या आईला ज्योतिष्यांनी सांगितलं होतं की तुझा मुलगा चोर होणार. तिने मुलाला कधी उघड्या डोक्याने राहू दिलं नाही. डोकं झाकलेलं असू दे, म्हणजे देवाचा धाक राहील, असं ती सांगायची. मुलाला त्यामागचं कारण ठाऊक नव्हतं. एकदा तो खजुराच्या झाडाखाली अभ्यास करत बसला असताना डोक्यावरचं वस्त्र घसरलं. नजर वर गेली, मोह आवरला नाही, आणि दुसऱ्याच्या त्या झाडावर चढून त्याने खजुराचा घड दातांनी तोडला. दुसरे एक विद्वान, राव्ह येहोशुआ यांचे पुत्र राव्ह हूना, उघड्या डोक्याने चार हातसुद्धा चालत नसत आणि हे स्वतःचं पुण्य म्हणून सांगत. सगळेच पाळत असते तर त्यात सांगण्यासारखं काय होतं? त्याच ताल्मूदमध्ये दुसऱ्या ठिकाणी साधी नोंद आहे की पुरुष कधी डोकं झाकतात, कधी नाही.

पुढे रिवाज घट्ट होत गेला. योसेफ कारो यांची शुल्हान आरूख ही धर्मसंहिता १५६५मध्ये व्हेनिसला छापली गेली. तिच्यात उघड्या डोक्याने चार हात चालू नये असं आहे, म्हणजे एकेकाळचं वैयक्तिक व्रत आता सर्वांसाठी आलं. तरीही त्याच शतकात पोलंडमधले श्लोमो लुरिया यांनी लिहून ठेवलं की उघड्या डोक्याने देवाचं नाव घेण्याला बंदी असल्याचं आपल्याला कुठे आढळलेलं नाही; लोकरीत आहे म्हणून पाळायचं. दोनशे वर्षांनी ‘व्हिल्नाचे गाऊन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्वानाचंही मत तसंच. सतराव्या शतकात दाविद हालेवी यांनी मात्र उलट बाजू लावून धरली: ख्रिस्ती लोक टोपी काढून आदर दाखवतात, तेव्हा आपण ती काढणं म्हणजे त्यांची रीत उचलणं. मला हा मुद्दा फार बोलका वाटतो. नियमाला धार आली ती शेजाऱ्यांमुळे. आणि या सगळ्या वादात विषय डोकं झाकण्याचा आहे. कशाने झाकायचं हे कुणी ठरवून दिलेलं नाही.

‘एकूण एक ज्यू’ हे तर आजही खरं नाही, पूर्वीही नव्हतं. सॅम्सन राफाएल हिर्श हे जर्मनीतल्या कडव्या धर्मनिष्ठांचे पुढारी. १८५३मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या फ्रँकफर्टच्या शाळेत गणित-भूगोलाच्या तासाला मुलं उघड्या डोक्याने बसत आणि धर्माच्या तासाला डोकं झाकत. अमेरिकेतल्या सुधारणावाद्यांनी १८८५च्या पिट्सबर्ग जाहीरनाम्यात पोशाखाचे जुने नियमच बाजूला ठेवले. विसाव्या शतकात राब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मोशे फाइनस्टाइन यांनी पोटापाण्याची अडचण असेल तर कामावर टोपी काढायला मुभा दिली.

आणि ज्याला काढायची नव्हती त्याला काय झालं, तेही फॉरवर्डमध्ये नाही. अमेरिकी हवाई दलातले मानसशास्त्रज्ञ कॅप्टन सिमचा गोल्डमन किप्पा घालून काम करत. वरिष्ठांनी मनाई केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९८६मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ते हरले. पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने कायदा करून सैनिकांना नीटनेटकी, भडक नसलेली धार्मिक वस्त्रं घालायची परवानगी दिली. त्याआधी, २३ ऑक्टोबर १९८३ला, बैरूतमध्ये अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर स्फोट झाला आणि २४१ जण गेले. तेव्हा तिथे असलेले नौदलाचे राब्बी आर्नल्ड रेस्निकॉफ यांचा किप्पा जखमींचं रक्त पुसताना निकामी झाला. तेव्हा सोबतच्या कॅथलिक धर्मगुरूने आपल्या ठिपक्याठिपक्यांच्या लष्करी गणवेशाचं कापड फाडून त्यांना त्याची टोपी करून दिली.

रंग आणि आकाराच्या दाव्यात सत्याचा अंश आहे, पण तो उलटा मांडलाय. धर्माने दर्जे ठरवलेले नाहीत. माणसांनी आपापले गट ओळखण्यासाठी खुणा तयार केल्या. गांधी टोपीवाला, काळ्या टोपीवाला आणि वारकरी हे आपण लांबून ओळखतो, तसंच ते. इस्रायलमध्ये काळी मखमली टोपी बहुधा हरेदी, म्हणजे अतिकर्मठ, माणसाची. क्रोशाने विणलेली, काठाला नक्षी असलेली टोपी धार्मिक झायोनिस्टांची, म्हणजे धर्म आणि ज्यू राष्ट्र दोन्ही मानणाऱ्यांची. तिथल्या राजकारणात ‘विणलेल्या टोप्या’ म्हटलं की हाच गट डोळ्यांसमोर येतो. मुलींनी आवडत्या मुलासाठी टोपी विणून देण्याची रीतही यांच्यातलीच. पांढऱ्या मोठ्या टोपीवर ‘न नाख नख्मा नख्मान मेऊमान’ अशी अक्षरं दिसली की तो ब्रेस्लोव्ह पंथातल्या एका शाखेचा. बुखाराच्या ज्यूंची टोपी भरजरी आणि जवळजवळ सगळं डोकं झाकणारी. अमेरिकेतल्या आधुनिक ऑर्थोडॉक्सांना, म्हणजे आधुनिक वळणाच्या परंपरानिष्ठांना, मऊ चामड्याची छोटी टोपी प्रिय. ती केसांच्या चापाने अडकवतात. टक्कल पडलेले दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावतात. लग्नात पाहुण्यांना सॅटिनच्या टोप्या वाटतात, आत वधूवरांची नावं आणि तारीख छापलेली. यांतला कुठलाही रंग उद्या बदलला तर धर्म बुडणार नाही.

रंगावरून दर्जा खरोखर ठरतो तो कॅथलिक चर्चमध्ये. पोपची पांढरी, कार्डिनलची लाल, बिशपची जांभळी. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुधा दोन टोप्यांची सरमिसळ केली. ती टोपी आली धर्मगुरूंच्या मुंडन केलेल्या टाळूला थंडी वाजू नये म्हणून. ज्यूंकडून उचलण्याचा प्रश्नच नव्हता.

स्त्रियांवर बंदीही नाही. ऑर्थोडॉक्स घरांत विवाहित स्त्रिया रुमाल, हॅट किंवा केसांचा टोप घालतात आणि किप्पा हा पुरुषी पोशाख मानतात. रिफॉर्म आणि कन्झर्व्हेटिव्ह या कमी कर्मठ पंथांतल्या अनेक स्त्रिया तो घालतात. तारेत मणी ओवून केलेले किप्पे तर खास त्यांच्यासाठीच निघाले.

राहिला भ्रष्टाचाराचा आरोप. तो करायला आधी एक शुद्ध मूळ टोपी दाखवावी लागेल. काळाघोड्याच्या ग्रंथालयात डेव्हिड ससून यांचा पुतळा आहे. त्या धर्मनिष्ठ बगदादी ज्यूच्या डोक्यावर फेटा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रांत आपल्या कोकणातले बेने इस्राएल पगडी बांधून दिसतात. ते शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हणवले गेले. सुंता आणि ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी ग्रंथांवाचून जपली. त्यांची पगडी नियमात पुरेपूर बसते, कारण नियम डोकं झाकण्याचा आहे. ताल्मूदकाळी बाबिलोनमधले विद्वान ‘सुदार’ नावाचं कापड डोक्याला गुंडाळत. मूळ रूपच शोधायचं म्हटलं, तर मखमली टोपीपेक्षा नवगाव-अलिबागची ती पगडी त्याच्या जास्त जवळची निघेल.