छाया किती जुनी आहे, हे आधी कळायला हवे

सप्रेम नमस्कार.

विषाणुजन्य न्यूमोनिया आणि फुप्फुसाचा फायब्रोसिस (म्हणजे व्रण पडून फुप्फुस कडक होणे) यांतील फरकावरील माझ्या लेखाबद्दल आपण लिहिले आहे की, सोलापुरात आता एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन, सहज होत असताना ‘दम कधीपासून लागतो’ हे खोदून विचारणे आणि जुने एक्स-रे शोधायला लावणे म्हणजे वेळ दवडणे आहे. धाप लागलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नये, ही आपली कळकळ रास्त आहे. निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

रिपोर्टमधील ‘ग्राउंड ग्लास’ हे रोगाचे नाव नव्हे. फुप्फुसातील हवेच्या बारीक पिशव्यांत, म्हणजे वायुकोशांत, थोडा द्रव किंवा पेशी साचल्या, अथवा त्यांच्या भिंती किंचित जाड झाल्या, की ती धूसर छाया दिसते. ती विषाणूने येते, कबुतरांच्या विष्ठेच्या ॲलर्जीने येते आणि हृदय कमजोर होऊन फुप्फुसात पाणी साचले तरी येते. कोविडच्या काळात ज्याच्या-त्याच्या तोंडी असलेला २५ पैकीचा स्कोअरसुद्धा फुप्फुसाचा किती भाग व्यापला एवढेच सांगत असे. छाया कधीची आहे, हे त्यातून कळत नसे.

समजा, सोलापूरच्या पूर्व भागात पॉवरलूमवर उमेदीची वर्षे घालवलेले साठीचे गृहस्थ चार दिवसांच्या तापाने आले आणि दोन्ही बाजूंना ग्राउंड ग्लास दिसले. (सुताच्या धुळीचा विकार मुख्यतः श्वासनलिकांचा असतो; त्याची येथे गल्लत नको.) जिना चढताना वर्षभर दम लागतो, पण ‘वय झालं’ म्हणून ते बोललेच नव्हते. पाठीवर खालच्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवल्यावर व्हेल्क्रोची पट्टी उघडावी तसा बारीक आवाज येतो, नखे फुगीर झालेली आहेत, आणि हर्नियाच्या ऑपरेशनपूर्वी काढलेली जुनी फिल्म उजेडात धरली तर तळाशी त्याच रेघा आणि छाती-पोटामधला वर सरकलेला पडदा दिसतो. अशा वेळी हा साधा न्यूमोनिया नसून जुन्या आजारावर आलेला नवा आघात ठरतो. त्याचा धोका आणि पुढचे उपचार दोन्ही वेगळे असतात. पिर्फेनिडोन किंवा निंटेडॅनिब ही औषधे ठरावीक प्रकारच्या फायब्रोसिसमध्ये ऱ्हासाचा वेग कमी करतात, पडलेला व्रण पुसत नाहीत, म्हणून निदान लवकर झालेले बरे.

स्कॅनमध्ये फुप्फुसाच्या कडेला जाड भिंतींच्या पोकळ्यांचे थर, म्हणजे हनीकोम्बिंग, दिसले तर तो आजार आठवड्याभराचा नसतो, हे खरे. परंतु तीव्र न्यूमोनियातून बरे होतानाही रेघा उरतात, श्वासनलिका रुंद दिसतात, आणि यातले बरेचसे काही महिन्यांत ओसरते. तेवढ्या एका स्कॅनवरून कायमच्या फायब्रोसिसचा शिक्का मारणे मला अन्यायाचे वाटते.

ऑक्सिजन थांबवून इतिहास विचारावा, असे मी लिहिलेले नाही. रुग्ण स्कॅनसाठी आत असताना बाहेर थांबलेल्या मुलाला घरी फोन करून कपाटातली जुनी फिल्म मागवायला सांगता येते. आणि शक्यतो रिपोर्टचा कागद नको, फिल्मच आणावी.