‘लक्षणं नाहीत तर लागण कसली?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं: ताप-खोकला नसलेला माणूस कोरोना पसरवूच शकत नाही, वुहानमध्ये जवळजवळ एक कोटी लोक तपासले, लक्षणं नसलेल्या एकाकडूनही कुणाला लागण झाली नाही, आणि पुण्यात निम्म्या लोकांना तो नकळत होऊन गेला, मग एवढा बाऊ कशाला? मुद्दे गंभीर आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

वुहानचा आकडा बरोबर आहे. पण ती तपासणी कधी झाली ते पाहा: १४ मे ते १ जून २०२०. कडक टाळेबंदी उठूनही महिना उलटला होता आणि साथ तिथे जवळपास विझली होती. जे ३०० जण लक्षणांविना पॉझिटिव्ह आले, त्यांच्या नमुन्यांतून जिवंत विषाणू वाढवून पाहिला, तो वाढला नाही. शिवाय त्यांच्यातल्या बहुतेकांच्या रक्तात अँटिबॉडी, म्हणजे संसर्ग झाल्यावर शरीर तयार करतं ती प्रतिपिंडं, आधीच तयार होत्या. म्हणजे ही मंडळी बव्हंशी संसर्गातून बाहेर पडलेली होती. आरटीपीसीआर चाचणी विषाणूच्या उरल्यासुरल्या तुकड्यांवरही पॉझिटिव्ह येते आणि ते तुकडे नाका-घशात कित्येक आठवडे राहू शकतात. अशा लोकांकडून लागण झाली नाही यात नवल नाही. साथ भरात असतानाच्या माणसाबद्दल त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

खरी अडचण होती ती ज्याला उद्या ताप येणार आहे त्याची. तो आज ठणठणीत असतो, कामावर जातो, चार जणांत बसून डबा खातो. एप्रिल २०२० मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात कुणाकडून कुणाला लागण झाली अशा ७७ जोड्या तपासल्या होत्या. त्यांचा अंदाज असा, की सुमारे ४४ टक्के लागण पहिल्या माणसाला लक्षणं दिसण्याआधीच झाली. २००३ च्या सार्समध्ये (कोरोनाच्याच कुळातल्या विषाणूची आधीची साथ) हे उलट होतं. तिथे रुग्ण आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात सर्वांत जास्त संसर्गजन्य असे, आणि तोवर तो रुग्णालयात पोचलेला असे. म्हणून ताप तपासून, रुग्ण वेगळे काढून सार्स आटोक्यात आला. कोरोना तसा येईना.

ज्यांना शेवटपर्यंत काहीच होत नाही, त्यांच्याबाबत तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. असे लोक लक्षणं असलेल्यांपेक्षा बरेच कमी पसरवतात. पण कमी म्हणजे शून्य नव्हे.

आता पुणे. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये आयसर ही विज्ञानसंस्था, पुणे विद्यापीठ आणि महापालिका यांनी मिळून पाच प्रभागांत १,६६४ जणांचं रक्त तपासलं. ५१.५ टक्के लोकांमध्ये अँटिबॉडी मिळाल्या. हे सगळे लक्षणविरहित होते असं मात्र नाही. कणकण आली, अंग दुखलं, क्रोसिन घेऊन कामावर गेले, असेही त्यात असणारच. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो आतला फरक. कसबा-सोमवार पेठेत ३६.१ टक्के, दाट वस्तीच्या लोहियानगर-कासेवाडीत ६५.४. सार्वजनिक संडास वापरणाऱ्यांत ६२.३, घरात संडास असलेल्यांत ४५.३. लोहियानगरात सकाळी बादली घेऊन लागलेली ती रांग आठवा: खेटून उभी माणसं, बोळ जेमतेम हात पसरता येईल एवढा, आणि आत खिडकीच्या नावाने एक झरोका. त्या रांगेत कुणीच खोकत नसलं तरी श्वास तर सगळेच घेत होते. ‘निम्म्यांना कळलंही नाही’ हे तुम्ही दिलाशासारखं लिहिलंत. मला त्यातच धोका दिसतो, कारण ज्याला कळलंच नाही तो घरातल्या मधुमेही आईपासून लांब का राहील?

शेवटी तुम्ही विचारलंय, सोसायटीच्या गेटवर कपाळाला थर्मामीटरची बंदूक लावून ताप मोजायचे ते वाया गेलं का? लागण रोखण्याच्या दृष्टीने बऱ्याच अंशी हो. त्यापेक्षा बंद जागेत सर्वांनी मास्क लावणं आणि खिडक्या उघड्या ठेवणं जास्त कामाचं होतं, कारण त्यासाठी आजारी कोण हे आधी ओळखावं लागत नाही.