जिना तोच, शर्ट पोपटी

कुलगुरू झालात, अभिनंदन! सत्काराच्या शाली घडी घालून झाल्या असतील तर आधी 'बिगर-गाभा सेवा' हे शब्द पाठ करा. ज्याच्यावाचून विद्यापीठ चालत नाही, पण जे व्यवस्थापन परिषदेच्या बैठकीत दिसत नाही, ते सगळं त्यात बसतं. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तर आयती यादीच आहे: साफसफाई, पहारा, कँटीन, बागकाम.

ही कामं ठेक्याने द्यायला निविदा काढा, सगळ्यात कमी दराची उचला. एवढ्या दरात किमान वेतन कसं बसतं, असं भर बैठकीत विचारू नका. चहा गार होतो. वित्त अधिकारी कुरकुरतील. एजन्सीचं कमिशन, वर १८ टक्के जीएसटी, मग वाचले किती? त्यांना सांगा, खर्च 'वेतन' या शीर्षाखालून 'सेवा' या शीर्षाखाली गेला, तीच बचत.

मावशींची काळजी नको. बारा वर्षं परीक्षा भवनाचा जिना झाडणाऱ्या एक मावशी तुमच्याकडेही असतीलच. ठेकेदार बदलला की त्यांचा शर्ट बदलतो. मागच्याचा निळा होता, या खेपेला पोपटी, पाठीवर नव्या एजन्सीचं नाव. शर्टाचे पैसे पहिल्या पगारातून कापायचे. जिना तोच, झाडू तोच, नोकरी मात्र दरवेळी पहिल्या दिवसापासून. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात ना? मग चौथ्याच्या पुढे मोजायचंच नाही. पीएफचं विचारलं तर म्हणा, "मावशी, तुम्ही आमच्याकडे नाहीच. एजन्सीला विचारा." एजन्सीचं ऑफिस कुठे आहे, हे तुम्हाला ठाऊक नसलेलं बरं.

शासनासारखा उतावीळपणा करू नका. ६ सप्टेंबर २०२३ ला नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला आणि ऑक्टोबर संपायच्या आत गुंडाळावा लागला. का, तर पदांची लांबलचक यादी छापून बसले! तुम्ही गाजावाजा न करता प्राध्यापकच तासिका तत्त्वावर घ्या. तास झाला तर पैसे, मे महिना ज्याचा त्याने पाहावा. शिकवणं गाभ्यात येतं की बाहेर, हा वाद सिनेटला घालू दे.

परीक्षांचं मात्र जरा सांभाळून. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने एका कंपनीच्या यंत्रणेवर, संगणकाच्या पडद्यावर पेपर तपासून घेतले. निकाल रखडले आणि ऑक्टोबरात कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनी, कुलगुरूंनाच पदावरून काढलं. तेव्हा पुढच्या निविदेत एक ओळ वाढवून घ्या: राज्यपालांपुढे उत्तर द्यायला जाणे, मनुष्यबळ एक, अनुभवाची अट नाही.