दोन लाखांची डिझेल स्विफ्ट दोन लाखांत पडत नाही

व्हॉट्सअॅपवर एक निरोप फिरतोय. त्याचं सार असं: ‘नवी गाडी कशाला? दहा-बारा वर्षांची डिझेल स्विफ्ट दोन लाखांत उचला. चेनचं इंजिन आहे, बेल्ट बदलायची भानगड नाही. कमी झालं तेवढं ऑइल टाकत राहा, तीन लाख किलोमीटर हात लावायला नको. मीटर कमी दिसला की डोळे झाकून घ्या. मायलेजमध्ये पैसे वसूल. कागदपत्रं एजंट बघतो.’

यातली काही वाक्यं गाडी नवी असताना खरी होती, हीच गोम आहे. १२४८ सीसीचं हे फियाटचं मल्टिजेट इंजिन चांगलंच आहे. २००७ पासून स्विफ्टमध्ये, मग डिझायर, रिट्झ, अर्टिगा, टाटाची व्हिस्टा, फियाटची पुंटो अशा इतक्या गाड्यांत ते बसलं की लोक त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणू लागले. पुण्याजवळ रांजणगावातही ते बनायचं. त्यामुळे सुटे भाग मिळतात, आणि हे इंजिन हाताखालून गेलेला मिस्त्री तालुक्याच्या गावीही सापडतो. पण एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले आणि मारुतीने डिझेल बंद केलं. तेव्हा वय लक्षात घेऊनच हिशेब मांडायला हवा.

‘चेन आहे, खर्च नाही’

इंजिनातले व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडझाप करावेत म्हणून बेल्ट किंवा चेन असते. बेल्ट ठरावीक किलोमीटरला बदलतात, चेनला तसा आकडा नाही. याचा अर्थ ती अमर आहे असा नाही. चेनला ताण देणारा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइलची पातळी खाली गेली किंवा ते जुनं झालं की दाब नीट मिळत नाही आणि चेन सैल पडते. डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी मिसळतेच. वेळेवर न बदललेलं काजळीचं ऑइल चेनच्या पिना झिजवतं, आणि प्रत्येक पिनेतली केसभर झीज मिळून अख्खी चेन लांबते. ती एखादा दात सरकली तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावंच लागतं.

म्हणून ‘ऑइल टाकत राहा’ हा सल्ला सगळ्यात घातक. या इंजिनात सुमारे तीनच लिटर ऑइल असतं. वर नवं ओतलं तरी खालची काजळी तिथेच राहते. ऑइल आणि फिल्टर दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा, पूर्ण बदलायचं. शहरातल्या छोट्या फेऱ्या असतील तर त्याच्याही आधी. फिल्टर बदलताना झाकणाची रबरी रिंगही नवी घालायची. ती विसरली की ऑइल गळतं.

चेन तपासायला पैसे लागत नाहीत, फक्त इंजिन गार हवं. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की गाडी आधी सुरू करून ठेवू नका, आणि पोहोचल्यावर पहिला हात बोनेटवर ठेवा. कोमट लागलं तर परत या. गार इंजिन सुरू करताच चेनच्या झाकणामागून दोन-तीन सेकंद पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड आली तर चेन आणि टेन्शनर संपत आलेत. ‘डिझेल आहे, आवाज येणारच’ हे उत्तर इथे चालत नाही. बदलताना नुसती चेन टाकू नका. टेन्शनर, दोन्ही गाइड आणि दातेरी चक्रं असा पूर्ण संच घ्या, आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) लॉक करायची पिन असलेल्या गॅरेजातच काम करा. अंदाजाने खुणा जुळवणाऱ्याकडे नको. या कामाचा लेखी अंदाज आधी घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून सरळ कापून मागा.

‘तीन लाख किलोमीटर हात लावायला नको’

ब्लॉक आणि पिस्टन कदाचित टिकतीलही. खर्च निघतो तो इंजिनाला लटकलेल्या भागांचा.

डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरखाली तांब्याचा एक पातळ वॉशर असतो. तो दबून खराब झाला की तिथून कॉम्प्रेशन निसटतं, ‘चफ-चफ’ आवाज येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो. वॉशर कवडीमोलाचा, पण वर्षभर दुर्लक्ष झालं तर इंजेक्टर हेडमध्ये असा चिकटतो की काढताना त्याचाच जीव जातो. वरचं प्लास्टिकचं आवरण काढून टॉर्चने बघा. इंजेक्टर आतून झिजलाय का, हे रिटर्न टेस्टमध्ये कळतं: जादा डिझेल परत नेणाऱ्या चारही रिटर्न नळ्यांना चार बाटल्या लावून गाडी काही मिनिटं आयडलवर ठेवायची. एक बाटली बाकीच्यांपेक्षा झपाट्याने भरली तर तो इंजेक्टर गळतोय.

धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने तुंबतो. पिकअप मरतो, काळा धूर येतो. साफ करून बहुतेकदा काम भागतं, म्हणून त्याला घाबरायचं कारण नाही. टर्बोच्या पाइपमध्ये तेलाचा हलका ओशटपणा चालतो, साचलेलं तेल चालत नाही. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करून उलटं ठेवा. ते थरथरलं तर ठीक, उडून पडलं किंवा खालून धुराचे भपके आले तर बॅक कॉम्प्रेशन आहे, पिस्टनच्या रिंगा गेल्यात. असली गाडी स्वस्तातही नको.

कूलंटच्या टाकीत तांबूस पाणी दिसलं तर आधीच्या मालकाने नळाचं पाणी भरत दिवस काढलेत. आतून गंज, वर रेडिएटर तुंबलेला. टाकीत चॉकलेटी साय दिसली तर ऑइल कूलर किंवा हेड गॅसकेट गेलंय.

क्लच, लोअर आर्मचे बुश, शॉकअप, बॅटरी हे सगळं जुन्या गाडीत येतंच. चालवून बघताना कळतं, इथे पाल्हाळ नको.

‘मीटर कमी, डोळे झाकून घ्या’

डिजिटल मीटर लॅपटॉप लावून मागे नेता येतो. बारा वर्षांच्या डिझेल गाडीवर ४८,००० दिसले तर खूश होण्याआधी विचारा, एवढंच फिरायचं होतं तर डिझेल घेतलं कशाला? अधिकृत वर्कशॉपमधली सर्व्हिसची नोंद विकणाऱ्याकडून मागा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. तो मीटरशी जुळतो का बघा. क्लच पेडलचं रबर गुळगुळीत आणि स्टिअरिंग चकचकीत असेल तर मीटरपेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेवा.

सांगली-कोल्हापूरला २०१९ मध्ये आणि चिपळूणला २०२१ मध्ये पूर आला तेव्हा असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ असेल तर गाडी बुडालेली आहे. सीट धुतात, बेल्टचं टोक कुणी धूत नाही.

‘मायलेजमध्ये वसूल’

हिशेब करू. महिन्याला ५०० किलोमीटर, म्हणजे वर्षाला ६,०००. पेट्रोल १०४ रुपये आणि १५ चं मायलेज धरलं तर ४१,६०० रुपये. डिझेल ९० रुपये, २० चं मायलेज, २७,००० रुपये. वाचले वर्षाला १४,६००. एखादा इंजेक्टर किंवा क्लचचा संच निघाला की ही बचत संपली. महिन्याला १,५०० किलोमीटर असतील तर बचत ४३,८०० होते. तेव्हा डिझेलला अर्थ आहे. फिरणं कमी असेल तर त्याच वयाची पेट्रोल बघा.

‘कागदपत्रं एजंट बघतो’

खासगी गाडीची आरसी पंधरा वर्षांची. तेरा वर्षांची गाडी घेतली तर दोन वर्षांत फेरनोंदणी आली. तिची फी एप्रिल २०२२ पासून कारला ५,००० रुपये, पर्यावरण कर वेगळा. परराज्यातली, विशेषतः दिल्लीची स्वस्त गाडी असेल तर तिथली एनओसी आणि इथला रोड टॅक्स किमतीत मिळवा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) पाटी बसलीय का, कर्जाचा बोजा उतरलाय का, चलनं थकलीत का, हेही बघा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या घेऊन थांबू नका. आरसीवर नाव चढेपर्यंत कायद्याच्या लेखी मालक जुनाच. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. आणि विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याची सवलत) गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो.