गिरणेची वाळू आणि म्युनिकचा नळ

आमच्या गावात चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं, उन्हाळ्यात आठव्या. गाव गिरणाकाठचं, तालुक्याचं. नाव लिहीत नाही, कारण खानदेशातल्या बऱ्याच जणांना ते आपलंच गाव वाटेल. पाण्याच्या दिवशी वहिनीला फोन लावायचा नाही, हे म्युनिकमध्ये बसूनही मला पाठ आहे. गेल्या मार्चमध्ये मात्र नेमका पाण्याच्याच दिवशी तिचा फोन आला. मागे मोटारीची घरघर, कुठंतरी ड्रम भरून वाहत असल्याचा आवाज. "भाऊजी, एकदाचं सांगून टाका. नळाचं, आरओचं, की जारचं?"

निमित्त होतं आप्पांच्या मुतखड्याचं. डॉक्टरांनी सांगितलं, पाणी भरपूर प्या. शेजारच्या काकांनी सांगितलं, आपल्याकडचं पाणी जड, आरओ लावा. दादाचं मत जारचं: वीस लिटर थंडगार, घरपोच, कटकट नाही. माय म्हणते, माठात तुरटी फिरवली की झालं, तुमचे आजोबा नव्वद वर्षं हेच पाणी प्यायले. आणि निवाडा करायचा मी, कारण मी शुद्ध पाण्याच्या देशात राहतो.

या शुद्ध पाण्याच्या देशात पहिली दोन वर्षं मी बाटलीचं पाणी विकत घेऊन प्यायलो, हे घरी कुणाला माहीत नाही. नळाला तोंड लावायचा धीरच होत नव्हता. सहा-सहा बाटल्यांचे गठ्ठे चौथ्या मजल्यावर चढवायचो, लिफ्ट नाही. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजीबाई भेटायच्या, त्यांच्या हातातही काचेच्या बाटल्यांचा क्रेट. जर्मन माणूस वर्षाला सरासरी शंभर लिटरहून जास्त बाटलीबंद पाणी पितो, तेही बहुतेक बुडबुड्यांचं. हॉटेलात साधं नळाचं पाणी मागितलं तर वेटर असा बघतो की शेवभाजीच्या खानावळीत आपण फुकट तर्री मागितली असावी. रिकामी प्लास्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात परत टाकली की पंचवीस सेंट मिळतात, एवढाच काय तो शहाणपणा. घरात उत्तम पाणी असताना पाठीवरून पाणी वाहणाऱ्या लोकांमध्ये मी राहतो. त्यामुळे "तिकडं बघा कसं असतं" हे वाक्य मी फार जपून वापरतो.

तिसऱ्या वर्षी सुट्टीवर गेलो तेव्हा घरात आरओवाल्याचा माणूस आला होता. त्यानं दोन ग्लास मांडले, एकात नळाचं पाणी, एकात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत सळया बुडवल्या, वायर लावली. मिनिटभरात नळाच्या ग्लासात तपकिरी-हिरवट गाळ तयार झाला. माय दचकली. "असं पेतस आपन?" यंत्राचा ग्लास निवळशंख. मी मेकॅनिकलचा पदवीधर, तरी क्षणभर मलाही मळमळलं. मग डोक्यात उजेड पडला. सळया लोखंडाच्या. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंडच झिजून गंजाचा गाळ बनतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून गाळही नाही. तो गाळ सळईचा होता, पाण्याचा नव्हता. त्या ग्लासात जगातलं कुठलंही चांगलं मिनरल वॉटर ओतलं असतं तरी ते तसंच बरबटलं असतं. मी हे बोललो तेव्हा तो पोरगा ओशाळला नाही, फक्त म्हणाला, "साहेब, टीडीएस मीटर लावून दाखवू?"

त्याच्याकडून तो मीटर मी दोनशे रुपयांना विकत घेतला. घरच्या नळाचा आकडा आला तीनशेच्या आतबाहेर. म्युनिकला येऊन इथल्या नळाखाली धरला. तोही तीनशेच्या आतबाहेर. पेनाएवढ्या त्या यंत्राच्या लेखी गिरणाकाठचा नळ आणि जर्मनीतला नळ सख्खे भाऊ. कारण ते मोजतं फक्त विरघळलेले क्षार. अतिसार, कावीळ, विषमज्वर ज्यांनी होतो त्यातलं काहीच त्याला दिसत नाही. आपल्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात टीडीएसची, म्हणजे विरघळलेल्या क्षारांची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे. तीनशेच्या पाण्याला आरओ लावणं म्हणजे एक लिटर पिण्यासाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडणं, आणि तेही आठ दिवसांनी आलेल्या पाण्यातलं! राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये नेमकं हेच धरून ५०० च्या आत आरओवर बंदी घाला असं केंद्राला सांगितलं होतं. आमच्या गल्लीत त्यानंतरही यंत्रं बसतच राहिली. वहिनीच्या जावेकडे ते वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसतात, तेवढं बरं.

आणि मुतखडा? म्युनिकचं पाणी चांगलंच जड आहे. कठीणतेची आपली स्वीकारार्ह मर्यादा २०० मिलिग्रॅम. इथलं पाणी ती ओलांडतं. किटलीत महिन्याभरात पांढरा थर बसतो, व्हिनेगर घालून काढावा लागतो, आणि तूरडाळ इथंही रुसून बसते. पण जड पाण्यानं मुतखडा होतो याला पक्का आधार नाही. पाणी कमी पिण्यानं होतो, हे मात्र सगळे डॉक्टर सांगतात. पंचेचाळीस अंशात कपाशीच्या शेतात दिवस काढायचा आणि दुपारपर्यंत दोन तांबे पाणी प्यायचं, हा आप्पांचा नियम. आकडा तिथं शोधायला हवा.

जारबद्दल माझं मत दादाला आवडलं नाही. सीलबंद बाटलीवर परवाना क्रमांक असतो, तारीख असते, काही चुकलं तर कुणाला धरायचं ते ठाऊक असतं. आमच्याकडचा थंड पाण्याचा जार म्हणजे कुणीतरी आपल्या प्लॉटवर बोअर मारली, चिलर आणि फिल्टर बसवला आणि छोटा हत्ती घेतला. जारला सील नाही, तारीख नाही, झाकण कितव्या घरचं ते माहीत नाही. बोअर केळी-कपाशीच्या पट्ट्यातली असेल तर खतांचं नायट्रेट त्यात असू शकतं, ते ना चवीला कळतं ना वासाला, आणि उकळून तर ते जातच नाही, उलट पाणी आटतं तसं दाट होतं. मानकात त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे, त्यात सूट नाही, कारण धोका तान्ह्या बाळांना असतो. जारच्या पाण्यात लोक शुद्धता शोधत नाहीत, गारवा शोधतात. लग्नात, तेराव्याला, शेतावर, सगळीकडे जार. दादानं हे ऐकून एवढंच म्हटलं, "तू मे महिन्यात ये, मग बोल." त्याला उत्तर नव्हतं.

आता नळाकडे येतो, कारण सगळं तिथंच अडलंय. पाणी शुद्धीकरण केंद्रातून निघतं तेव्हा बऱ्यापैकी ठीक असतं. मग आठवडाभर पाइप रिकामे पडून असतात. रिकाम्या पाइपात गटारीशेजारच्या फुटक्या जोडातून घाण आत झिरपते. पाणी सुटलं की गल्लीतला प्रत्येक जण नळाला थेट मोटार लावतो, मोटार ओढते ती पाण्यासोबत हीही घाण. आम्हीही लावतो, लपवण्यात अर्थ नाही. न लावली तर वरच्या टाकीत थेंब चढत नाही. मग ते पाणी टाकीत, ड्रमात, हंड्यात सात दिवस राहतं. क्लोरीन तिसऱ्या दिवसापर्यंत उडून जातं. माय म्हणते ना, "पावडरचा वास येतो, आज नको प्यायला"? नेमकं त्याच दिवशी ते पाणी सगळ्यांत भरवशाचं असतं. वास गेला की ती प्यायला सुरुवात करते.

म्युनिकच्या नळाचं गुपित यंत्रात नाही, हे कळायला मला उशीर लागला. इथलं बरंचसं पाणी शहरापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या मांगफाल नावाच्या नदीच्या खोऱ्यातून १८८३ पासून येतं, उतारावरून, बहुतेक पंपाशिवाय. हिमयुगात साठलेल्या खडी-वाळूच्या थरांतून गाळून आलेलं पाणी, त्यावर फारशी प्रक्रियाही करावी लागत नाही. शहराला स्वच्छ पाणी आणि गटारं हवीत यासाठी आग्रह धरणाऱ्या माक्स फॉन पेटेनकोफर या डॉक्टरांना तर पटकी पाण्यातल्या नुसत्या जंतूनं होते हे पटतच नव्हतं; १८९२ मध्ये त्यांनी पटकीचे जंतू स्वतः पिऊन दाखवले आणि वाचलेसुद्धा. कारण चुकीचं, काम बरोबर! त्या खोऱ्यातलं जंगल शहरानं विकत घेऊन राखलं आहे. १९९२ पासून तिथल्या शेतकऱ्यांना रासायनिक खतं न वापरण्यासाठी पैसे दिले जातात, दीडशेहून जास्त शेतकरी त्यात आहेत.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आठवला तो झिरा. गिरणा उन्हाळ्यात आटायची तेव्हा आजी मला नदीत घेऊन जायची. वाळूत हातभर खड्डा करायचा, गढूळ पाणी वाटीनं उपसून टाकायचं आणि थांबायचं. थोड्या वेळात खालून नितळ, गार पाणी वर यायचं. त्यात तळाची वाळू दिसायची. वाळूच्या कणाकणावर सूक्ष्मजीवांचा पातळ थर असतो, तो रोगजंतू खातो. जगभर मंद वाळू गाळणी याच तत्त्वावर बांधतात. गिरणा धरणातून आवर्तन सुटलं की पाणी नदीच्या पात्रातूनच खाली येतं आणि गावोगावच्या विहिरी, जॅकवेल त्या वाळूतूनच भरत. म्हणजे मांगफालला जी गाळणी आहे, तीच आमच्या दारात होती, मैलोन्‌मैल, फुकट.

ती आम्ही ट्रॅक्टरनं आणि डंपरनं विकली. आज त्या जागी उघडा खडक आणि डबकी आहेत. त्याच वाळूची आमच्या गल्लीत घरं बांधली, आणि त्या घरांच्या ओट्यावर आता पंधरा-पंधरा हजारांचे फिल्टर लटकतात. आमच्या घराचा वरचा मजलाही त्याच वाळूचा आहे. आप्पांना हे बोललं की ते विषय बदलतात.

इथंही सगळं सोवळं नाही. बव्हेरियातच आल्टोटिंग जिल्ह्यात कारखान्यातलं एक रसायन भूजलात उतरलं होतं, न तुटणारं, नॉनस्टिक तव्यांच्या कुळातलं. लोक चिडले, रक्ताच्या तपासण्या झाल्या. पण मग सक्रिय कोळशाचे मोठे फिल्टर बसले ते पाणीपुरवठा केंद्रात, सगळ्यांच्या नळाच्या आधी. घरोघरी विक्रेते फिरले नाहीत. आमच्याकडे गल्लीतल्या प्रत्येक घरानं स्वतःची छोटी नगरपालिका काढली आहे: स्वतःची मोटार, स्वतःची टाकी, स्वतःचं शुद्धीकरण. आणि ज्याच्या घरी हे सगळं आहे तो पाण्यासाठी मोर्चात येत नाही. मोर्चात हंडा घेऊन येतात ते झोपडपट्टीतले आणि भाड्यानं राहणारे. माझा खरा राग आरओच्या यंत्रावर नाही, यावर आहे.

हे सगळं मी वहिनीला ऐकवलं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, "भाऊजी, तुमचं सगळं खरं. पण नदीत वाळू परत येईपर्यंत मी पोरांना काय पाजू?"

प्रश्न रास्त होता, आणि मी वळसे घेणं थांबवलं. तिला सांगितलं: आरओ नको, यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांचा, फिल्टर घ्या, तो जंतू मारतो आणि पाणी वाया घालवत नाही, आधी साधं गाळप हवं, कारण गढूळ पाण्यात किरण पोचत नाहीत. वीज गेली की खळखळून उकळा, एक मिनिट पुरे. माठ ठेवा, त्यात डावल्यानं पाणी काढा, हात बुडवू नका. बोअरचं पाणी प्यायचंच असेल तर आधी सरकारी प्रयोगशाळेत नायट्रेट आणि फ्लोराइड तपासा. आणि एच टू एसच्या चार बाटल्या आणा. त्यात पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं, मैलाजन्य जंतू असतील तर पाणी काळं पडतं. टीडीएस मीटरपेक्षा स्वस्त आणि कामाचं.

तिनं त्या आणल्या. एकीत पाण्याच्या दिवशीचं थेट नळाचं पाणी, दुसरीत दादाच्या जारचं, तिसरीत मायच्या माठातलं, चौथीत आमच्याच गच्चीवरच्या टाकीतलं. तिसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर फोटो आला. नळाची बाटली तशीच होती. जारची काळी, माठाची काळपट, आणि टाकीची तर शाईसारखी.

आप्पांनी खाली लिहिलं, "टाकी आखरी कव्हय धुयेल शे?"

दोन दिवस कुणीच उत्तर दिलं नाही. रविवारी दादाचा फोटो आला, टाकीत कमरेपर्यंत उतरलेला, हातात खराटा, आणि तळाशी चार बोटं गाळ.