सद्दामच्या रीलवर टाळ्या वाजवणाऱ्यांना

आज सकाळी ठाण्याहून फास्ट लोकल पकडली. शेजारच्या पोराच्या मोबाईलवर इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन. लष्करी गणवेश, मागे ढॅण ढॅण संगीत, खाली ओळ, 'नेता असावा तर असा.' पोराने उभ्या उभ्या तीन-चार ग्रुपवर पाठवलंसुद्धा. मी ऑफिसात पोचलो तर तेच रील आमच्या ग्रुपवर, खाली आगीच्या इमोजींची रांग. तेव्हापासून डोकं तापलंय.

माझे धाकटे काका 1990 साली कुवेतमध्ये एसी दुरुस्तीचं काम करायचे. त्या वर्षी एप्रिलमध्ये हाच माणूस म्हणाला होता की इस्रायलने हल्ला केला तर अर्धं इस्रायल जाळून टाकू. अरब जगात केवढी वाहवा झाली! मग 17 जुलैच्या भाषणात कुवेत आणि अमिरातींना दम. तुम्ही जास्त तेल काढून भाव पाडताय, आमच्या पोटावर पाय देताय. मान कापली तरी चालेल पण पोट कापू नका, अशा अर्थाची म्हणही ऐकवली. बरोबर सोळा दिवसांनी, 2 ऑगस्टला, इराकी रणगाडे कुवेतमध्ये.

कोणाचं पोट कापलं गेलं ते मी सांगतो.

काका सप्टेंबरमध्ये मुंबईच्या सहार विमानतळावर उतरले. मी अकरा वर्षांचा, आजोबांचा हात धरून उभा. मोठ्या सुटकेसा, टेपरेकॉर्डर, असं काहीतरी येईल असं मला वाटलेलं. काकांच्या हातात पांढरा प्लॅस्टिकचा कॅन होता, तळाला चार बोटं गढूळ पाणी. बसरा, बगदाद, मग जॉर्डनच्या सीमेवर वाळवंटात तंबूत, मग अम्मान. चाळीत आल्यावर काकू तो कॅन मोरीत ओतायला गेली तर काका ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले असतील. मोज्यात लपवून आणलेले कुवेती दिनार होते, ते घ्यायला कोणी तयार नव्हतं. सात वर्षांची कमाई.

असे पावणेदोन लाखांच्या आसपास लोक एअर इंडियाच्या जवळपास पाचशे फेऱ्यांनी परत आले. इराक आणि कुवेत, दोन्हीकडून आपण तेल घ्यायचो, दोन्ही बंद. जुलैत पिंपाला 17-18 डॉलर असलेलं तेल ऑक्टोबरात 40 च्या वर. आखातातून येणाऱ्या मनीऑर्डरी आटल्या. परकीय चलनाची तिजोरी आधीच खंगलेली होती, मान्य, सगळं खापर सद्दामवर फोडता येणार नाही. पण शेवटचा धक्का त्याचाच. जुलै 1991 मध्ये रिझर्व्ह बँकेने 47 टन सोनं गहाण ठेवायला विमानाने परदेशी पाठवलं. त्याच सहारवरून, जिथे दहा महिन्यांपूर्वी काका तो कॅन घेऊन उतरले होते.

आणि आपण काय करू शकलो? तेव्हाचे परराष्ट्रमंत्री गुजराल आपल्या माणसांसाठी बगदादला गेले, सद्दामने त्यांना मिठी मारली, तो फोटो जगभर गेला. मला त्या फोटोची चीड येते. पण ती मिठी नसती तर काका इतक्या लवकर सुटले असते का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांहून जास्त आजही बाहेरून येतं. ज्याच्या दारात रोज भांडं घेऊन उभं राहायचं, त्याच्याशी ना भांडता येत, ना उघड दोस्ती करता येत. अशा देशातल्या पोरांनी या डरकाळ्यांवर शिट्ट्या मारायच्या?

अमेरिका साळसूद नाही, 2003 साली ती खोटं कारण सांगून इराकमध्ये घुसली, माहीत आहे मला. पण डरकाळी फोडणारा दरवेळी गरिबांचा वाली नसतो. व्हेनेझुएलाचा राष्ट्राध्यक्ष ह्युगो चावेझने 2006 मध्ये संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांना सैतान म्हटलं, तेव्हाही व्हेनेझुएलाचं तेल जहाजं भरभरून अमेरिकेलाच जात होतं. भाषण जगासाठी, धंदा आपल्या जागी.

त्या पोरावर आता राग नाही. त्याचा जन्मच 2000 नंतरचा असेल, त्याला कोण सांगणार? घरात काका असेल तरच कळतं. पण आमच्या ग्रुपवर पन्नाशीतली माणसं आहेत, त्यांनी तरी ते रील काढून टाकावं. मी तसं लिहिलंय तिथे. अजून कोणी काढलेलं नाही.

दुपारी काकांना बदलापूरला फोन केला. ते आता 78 चे आहेत. रीलचा विषय काढलाच नाही. गुडघ्यांचं विचारलं. फोन ठेवताना ते म्हणाले, "पाणी येतं ना रे तुमच्याकडे वेळेवर? भरून ठेवत जा." दर फोनला हेच म्हणतात.